दुधानंतरची चार मिनिटं

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. पहिलं खरं: या घरात नियोजन नावाची गोष्ट फक्त माझ्याकडे आहे.

परिस्थिती अशी. हिची बाळंतपणाची रजा एक मार्चला संपते. दोन मार्चला, सोमवारी, सकाळी साडेनऊला हिला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला हजर व्हायचं आहे. मालकाने सांगून ठेवलंय की त्यापुढे एक दिवसही नाही, दुसरी बाई तयार आहे. आमच्या बाईसाहेबांना, वय महिने चार, सासूबाई सांभाळणार. पण सासूबाई इकडे येणार नाहीत, घरी शिवणाचे क्लास आहेत. त्यांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. हिचं दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी. म्हणजे रोज सकाळी दूध पाजून बाईसाहेबांना तिथे पोचवायचं.

काल जेवताना ही म्हणाली, बसने जाऊ, शेवटचा थांबा आपल्या दारातच आहे. मला ठसका लागला. डेपोच्या वेळापत्रक विभागाचा मुख्य मी, आणि माझी मुलगी बसने? बसचं काय होतं ते मला माहीत आहे, मीच करतो. तिथल्या तिथे जाहीर केलं: गाडी माझी, मुलगी माझी, जबाबदारी माझी.

तक्ता तयार. दूध ८:०० ते ८:१६. ढेकर ८:१६ ते ८:२०. प्रस्थान ८:२०. आगमन ८:५८. फ्रिजवर चिकटवला.

ही म्हणाली, दुधानंतर तिला अर्धा तास तरी उभं धरावं लागतं. अर्धा तास! डेपोत शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर लोक बारा-बारा मिनिटं पाय पसरून बसायचे. ती मी पाचवर आणली. मोठ्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मग एवढ्याशा जीवाच्या एवढ्याशा ढेकराला चार मिनिटं का पुरू नयेत?

दुपारी १२

सराव फेरी झाली. ८:२०ला सेकंदाचाही फरक न पडता निघालो. तिसऱ्या स्पीडब्रेकरनंतर मागून आधी ढेकर आला आणि ढेकराबरोबर दूध आलं. सगळं. आठ ते आठ-सोळा जेवढं गेलं होतं तेवढं.

शी.

नवीन सीट कव्हरं मुद्दाम दुधाळ रंगाची घेतली होती. दूध सांडलं तर दिसणार नाही, हा विचार. दिसतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

गाडीचा वास. काल पुसली, साबणाने पुसली, पुन्हा पुसली. सकाळी दार उघडलं तर आत कोणीतरी रात्रभर दही लावून ठेवल्यासारखं. डेपोपर्यंत चारही काचा खाली करून गेलो. वॉचमनने विचारलं, साहेब, गाडीत मांजर होतं का? गाडी पुढे घेतली.

संकल्प: खचायचं नाही. पहिल्या फेरीवरून कुठलाही मार्ग बंद करत नाहीत.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी सराव फेरी. कामाच्या दिवशीची गर्दी बघायची होती म्हणून अर्धी रजा टाकली. शाळेसमोर सहा मिनिटं अडकलो. ती पुढे भरून काढली. दोन स्पीडब्रेकरच्या मधल्या मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि स्पीडब्रेकर आला की ब्रेक, हे माझं तंत्र. यात डोकं लागतं. डॅशबोर्डवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ बसवलंय, नजर त्यावर ठेवावी लागते.

८:५८ला पोचलो. वेळेत. पण काय उपयोग. बाईसाहेबांनी मार्केटपाशी एकदा आणि पुलावर एकदा. दुसऱ्या वेळी नेम थेट माझ्या मानेवर. सीट माझ्याकडे पाठ करून बसवलेली असताना हे कसं जमतं ते तिचं तिला माहीत. कॉलरच्या आत गेलं. गरम होतं.

सासूबाईंनी दारातच बाळाला दोन बोटांत धरून उचललं आणि म्हणाल्या, हे मी रोज दोनदा धुणार नाही.

कारण सापडलंय: हिचं खाणं. जे आई खाते तेच दुधात उतरतं. आजपासून तिखट बंद, तेलकट बंद, आंबट बंद. हिला यादी दिली. हिने ती वाचली, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली. टेबल आता हलत नाही, हे मान्य.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डेपोत मनस्ताप. आमच्या घराजवळच्या थांब्यावरून सुटणारी ८:२५ची बस जो चालवतो त्याचं नाव मी गोगलगाय ठेवलंय. बावीस वर्षं नोकरी, एकदाही हॉर्न वाजवल्याची नोंद नाही. आज त्याचा बारावा अर्ज आला. तीन वर्षं एकच रड: ८:२५ची ८:३२ करा, शाळेची गर्दी टळेल, आणि थांबण्याची बारा मिनिटं परत द्या, गाडी सावकाश नेता येईल. सावकाश! या माणसाला वेग म्हणजे काय ते एकदा माझ्या गाडीत बसवून दाखवायला हवं.

अर्ज फाईलला लावला. फाईल जाड झालीय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शास्त्रीय विचार. मळमळ वासाने होते. म्हणजे बाळ ओकतं म्हणून वास येत नाही, वास येतो म्हणून बाळ ओकतं. लिंबाच्या वासाची बाटली आणली, एसीच्या जाळीला लावली.

तिसरी सराव फेरी. लिंबू आणि नासलेलं दूध एकत्र आल्यावर काय होतं ते इथे लिहीत नाही. हिने अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवायला लावली आणि बाळाला घेऊन खाली उतरून दहा मिनिटं उभी राहिली. मी आत बसून घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं म्हणजे सगळा तक्ताच कोलमडला.

बाटली काढली. लिंबू गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सर्व्हिस सेंटरवाल्याकडे नेली. त्याने दार उघडलं, डोकं आत घातलं, बाहेर काढलं. मग दुसऱ्याला हाक मारून तोही वास घेऊन गेला. माझ्या गाडीचं प्रदर्शन मांडलं. शेवटी म्हणाला, स्पंजमध्ये उतरलंय साहेब, सीटच बदला. मी म्हटलं, नवी गाडी आहे. तो म्हणाला, बाळ केवढं आहे? चार महिन्यांचं म्हटल्यावर म्हणाला, मग आत्ता बदलू नका.

असल्या माणसांमुळे धंदे बुडतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मानेवर अजून वास येतो. तीनदा आंघोळ केली. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. त्यांना ऊन हवं असेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाळाच्या डॉक्टरीणबाईंकडे. तक्ते नेले होते, फेऱ्यांच्या नोंदी वेळेसकट. बाईंनी ते बघितलेच नाहीत. वजन केलं, पोट दाबलं, बाईसाहेब त्यांच्याकडे बघून खुदकन हसल्या. माझ्याकडे बघून कधी अशी हसलेली नाही. बाळ ठणठणीत आहे म्हणाल्या. पाजल्यावर अर्धा तास खांद्यावर धरा, घाई करू नका. मग विचारलं, गाडी कोण चालवतं?

मी म्हटलं, मीच. अकरा वर्षं, एक ओरखडा नाही.

बाईंनी हिच्याकडे बघितलं, हिने बाईंकडे बघितलं. बायकांना चांगल्या ड्रायव्हिंगचं अप्रूप असतं, पण तोंडावर सांगत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

चौथी सराव फेरी. ही म्हणाली मी चालवते. मी साफ नकार दिला. हिच्या हातात गाडी गेली की अडतीसची पन्नास मिनिटं होतात. सिग्नल हिरवा असतानासुद्धा ही हळू करते, पुढे लाल होईल म्हणून.

फेरीबद्दल लिहीत नाही. आज पॅन्ट.

२८ फेब्रुवारी, शनिवार

एक खुलासा करून ठेवतो. माझं मुलीवर प्रेम आहे. रात्री ती माझ्या पोटावर झोपते तेव्हा मी श्वाससुद्धा बेतून घेतो. पण दुधाने माखलेली, आंबूस, गाडीच्या मागच्या सीटवर कोकलणारी ती वेगळी आणि ही वेगळी. त्या पहिलीची मला शिसारी येते. हे कुठे बोलता येत नाही, म्हणून इथे.

परवा हजेरी. तयारी पूर्ण: प्लॅस्टिकचं आवरण, तीन दुपटी, सहा लाळेरी, एक बादली. माझ्यासाठी जुना रेनकोट.

२ मार्च, सोमवार. रात्री ८

पहिला दिवस. ८:२०ला निघालो. मी रेनकोट घातला होता. मला काही झालं नाही.

हिला झालं. पुलावर. हिने आज बाळाला सीटमधून काढून मांडीवर घेतलं नव्हतं, नियम पाळला होता, नुसती वाकून तिचं तोंड पुसत होती. तेवढ्यात पुढच्या ट्रकने दगा दिला आणि मला ब्रेक मारावा लागला. निळ्या कुर्त्याच्या बाहीपासून गुडघ्यापर्यंत. हा कुर्ता हिने पहिल्या दिवसासाठी ठेवला होता. सासूबाईंकडे बदलायला काही नव्हतं, त्यांचे कपडे हिला होत नाहीत. ओला करून, पुसून तशीच गेली. वेळेत गेली मात्र. ९:२८. हे कोणी लक्षात घेत नाही.

चष्म्याचं दुकान. माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन डोळे तपासावे लागतात. एका आजोबांनी नाकाला रुमाल लावला म्हणे.

३ मार्च, मंगळवार

पुन्हा. मार्केटपाशी.

४ मार्च, बुधवार

पुन्हा. मालकाने हिला आत बोलावून सांगितलं की गिऱ्हाईकं विचारतायत. हा आठवडा बघतो म्हणाला. हे मला हिने भाजी चिरताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी समजावून सांगितलं असतं. मी तक्त्यात दुरुस्ती सुचवली: ढेकर चारऐवजी साडेचार मिनिटं. सुरी थांबली. मग हिने एकच वाक्य सांगितलं: "उद्यापासून आम्ही दोघी आमच्या आम्ही जाऊ."

कशा, ते विचारलं नाही. विचारलं की हिला वाटेल मला फरक पडतो.

५ मार्च, गुरुवार

मी पावणेआठलाच निघालो. बरं वाटलं. थेट एकवीस मिनिटांत डेपो. मागून आवाज नाही. वास आहे.

संध्याकाळी बाळ स्वच्छ होतं. हिचे कपडे सकाळचेच. दुकानातल्या कुठल्यातरी मैत्रिणीची मोठी गाडी असणार. तिचा नवरा चालवत असेल. रिकामटेकडा.

६ मार्च, शुक्रवार

बाळ स्वच्छ. ही गुणगुणत होती. मालक काही म्हणाला का विचारलं, तर म्हणाली, नाही, आज अकरा चष्मे गेले.

डेपोत वेगळंच लचांड. ८:२५ची बस काल आणि आज दोन्ही दिवशी ८:३२ला सुटली. गोगलगायीने अर्जाच्या मंजुरीची वाट न बघता स्वतःच वेळ बदलली की काय?

१० मार्च, मंगळवार

आजही ८:३२. चौथा दिवस. माझ्या वेळापत्रकाला सरळ सरळ अंगठा दाखवणं चाललंय. बाराव्या अर्जाचा सूड. मेमो काढला. मेमोचा नमुना मीच तयार केलेला आहे: कारण तीन ओळींत लिहावे, जास्त लिहिल्यास ग्राह्य धरले जाणार नाही.

घरी बाळ सलग सहा दिवस स्वच्छ. मैत्रिणीच्या गाडीत काय विशेष आहे ते कळत नाही. स्प्रिंगा असतील. पैसेवाले लोक.

१३ मार्च, शुक्रवार

गोगलगायीचं उत्तर आलं. तीन ओळींची मर्यादा, याने पान भरवलंय. पुरावा म्हणून इथे उतरवून ठेवतो.

"महोदय, ८:२५ची फेरी पाच तारखेपासून सात मिनिटं उशिरा निघते हे खरं आहे. त्या दिवशी एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. बाळाचं दूध नुकतंच झालं होतं, ढेकर आला नव्हता. बाई घाबरलेल्या होत्या. मी माझी तीन मुलं खांद्यावर वाढवली आहेत त्यामुळे मला कळलं. मी इंजिन बंद केलं. ढेकर आल्यावर निघालो. आता रोज तसंच करतो. प्रवाशांची तक्रार नाही, ढेकर आला की तेच मागून सांगतात. बाळाने माझ्या गाडीत आजपर्यंत एकदाही दूध ओकलेलं नाही. उशिरा निघून शाळेची गर्दी टळते आणि गाडी वेळेवर पोचते, त्याबद्दल पूर्वी अर्ज केले आहेत. शिक्षा मान्य आहे. आपला नम्र."

वाचून हसावं की रडावं. चाळीस माणसं एका ढेकरासाठी खोळंबून ठेवायची! आणि ती बाई कोण? दूध पाजून लगेच पोराला उचलून बसमध्ये घालते. काही नियोजन नाही, तक्ता नाही. आणि नवरा काय करतो तिचा? घरात झोपला असेल. बायकोपोरीला बसच्या भरवशावर सोडून देणाऱ्या माणसांना लाज कशी वाटत नाही?

मोठ्या साहेबांना कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटतं संतापले असावेत. मी सुचवलं, प्रत्यक्ष जाऊन रंगेहाथ पकडू. बुधवार ठरला. साहेब स्वतः येणार.

१७ मार्च, मंगळवार

उद्याची तयारी. वही, दोन पेनं, घड्याळ मिळवून ठेवलं. त्या बाईला काय सुनवायचं तेही लिहून काढलंय. पाच मुद्दे. हिला वाचून दाखवले, नाव न सांगता, एका बेजबाबदार प्रवाशाबद्दल म्हणून. हिने बाळाच्या टोपड्याची नाडी बांधता बांधता सगळं ऐकलं आणि म्हणाली, पाचवा मुद्दा जरा लांबलाय.

१८ मार्च, बुधवार. दुपारी १

लिहावं की नाही. लिहितो. खरं तेच लिहायचं ठरलं होतं.

८:१०ला मी आणि मोठे साहेब थांब्यावर. साहेब पेपर वाचत होते, मी पेपराआड. ८:१९ला समोरच्या गल्लीतून, म्हणजे आमच्याच गल्लीतून, ही आली. खांद्यावर बाईसाहेब. मला आधी वाटलं मैत्रिणीची गाडी इथे येत असेल. मग ही बसमध्ये चढली. पुढच्या सीटवर बसली. गोगलगायीने मान हलवली, हिने मान हलवली. कंडक्टरने तिकीट आधीच फाडून ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, हीच का ती बाई? मी म्हटलं, असावी.

आम्ही चढलो. हिने मला बघितलं. दचकली नाही. साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाली, हे माझे मिस्टर, तुमच्याकडेच वेळापत्रक करतात.

साहेबांनी पेपराची घडी घालून माझ्या हातात दिली. हे फार वाईट होतं.

८:२५ झाले. इंजिन बंद. बस भरलेली. कोणी घड्याळ बघेना. ही बाळाच्या पाठीवरून हात फिरवत होती, खालून वर, खालून वर. मागच्या सीटवरचा एक जाडा माणूस म्हणाला, आज उशीर लागतोय. दुसऱ्या एका बाईने सांगितलं, काल एकतीसला आला होता. लोक माझ्या मुलीच्या ढेकराच्या वेळा लक्षात ठेवतात. ८:३१ला आला. चांगला खणखणीत. मागून कोणीतरी "झालं" म्हणालं, कंडक्टरने घंटी वाजवली.

शाळेसमोर चिटपाखरू नव्हतं. स्पीडब्रेकर आले आणि गेले, मला नंतर कळलं. पुलावर बाईसाहेबांचे डोळे मिटले. वेळापत्रकात पोचण्याची वेळ ९:०५ आहे. माझ्या घड्याळात ९:०४ झाले होते. घड्याळ दुरुस्तीला टाकायला हवं.

उतरताना साहेबांनी बाळाच्या पायाला बोट लावलं. मग मला म्हणाले, तो मेमो मागे घ्या आणि त्याचे अर्ज माझ्या टेबलावर ठेवा. सगळे बारा.

१९ मार्च, गुरुवार

नवं वेळापत्रक काढलं. ८:२५ची फेरी ८:३२. शेवटच्या थांब्यावरची विश्रांती पुन्हा बारा मिनिटं. मुळात हे माझ्या डोक्यात होतंच, योग्य वेळेची वाट बघत होतो.

मात्र एका गोष्टीचा छडा लावणार. बस आणि माझी गाडी, रस्ता तोच, बाळ तेच. म्हणजे दोष गाडीत आहे. शॉक अब्सॉर्बर. कंपनीला पत्र लिहिणार, पण आधी जाणकाराचं मत हवं.

२० मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६

ड्युटी संपल्यावर गोगलगायीला गाठलं. मेमोचं मनात ठेवलं नाहीये असं सांगितलं. तो म्हणाला, मीही नाही. गाडी तपासून द्या म्हटल्यावर तयार झाला. शेजारी बसला. वासाबद्दल काही बोलला नाही, सभ्य माणूस आहे. मी नेहमीसारखीच चालवली, उगाच त्याच्यासाठी वेगळी नाही.

दुसऱ्या सिग्नलला त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, साहेब, मला इथंच सोडा. उतरला आणि फूटपाथच्या कडेला डोकं धरून बसला. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस. मी पाण्याची बाटली दिली. चूळ भरून त्याने बाटली परत दिली. मी विचारलं, काय वाटतं, शॉक अब्सॉर्बरच ना?

"साहेब, गाडीत काही दोष नाही," तो म्हणाला.

चालत गेला. घर त्याचं चार किलोमीटरवर आहे.

२१ मार्च, शनिवार

काही लिहायचं नाही.

रात्री ९

ही नोकरी सोडणार होती, हे आज कळलं. पाच मार्चला बसचा प्रयोग फसला असता तर त्याच दुपारी मालकाला नाही म्हणून सांगणार होती. राजीनाम्याची चिठ्ठी पर्समध्ये होती, लाळेऱ्याबरोबर. लाळेरं शोधताना माझ्याच हाताला लागली. तारीख पाच मार्चची होती. सही होती. पाच वर्षं शिकून मिळवलेलं काम, आणि मी साडेचार मिनिटं सुचवली.

चिठ्ठी होती तशी परत ठेवली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हिला सांगितलं नाही.

२३ मार्च, सोमवार. सकाळी १०:५०

आज हिला दुकानात आठलाच जायचं होतं, नवा माल मोजायला. बाळाला मी नेणार. बाटलीत दूध काढून ठेवलेलं. रात्री ही म्हणाली, गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. मी म्हटलं, राहू दे.

८:०० ते ८:१६ दूध. ८:२०ला थांब्यावर. पुढच्या सीटवर. बाईसाहेब खांद्यावर. पाठीवरून हात, खालून वर. ८:३२ झाले. नाही. ८:३५. नाही. मागचा जाडा माणूस म्हणाला, बाबांचा हात जड आहे. एका बाईंनी मला खांदा बदलायला लावला. मी घड्याळ बघत होतो, तर गोगलगाय आरशातून नुसती मान हलवत होता, नाही म्हणून. घड्याळ खिशात टाकलं. त्यानंतर किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आला. कानाशीच आला. कंडक्टर म्हणतो ८:३९.

थोडं दूधही आलं. खांद्यावर, शर्टाच्या आत. गरम होतं. किळस आली. मग ती माझ्याकडे बघून खुदकन हसली. किळस येतच राहिली, पण मी तिला दूर धरलं नाही.

सासूबाईंनी बाळाला पुढून बघितलं, मागून बघितलं, वास घेतला, आणि घरात घेतलं. मग माझा वास घेतला आणि दार लावलं.

तिथून डेपो म्हणजे दोन बस बदलून. पंचेचाळीस मिनिटं उशीर झाला. टेबलावर मेमो होता, मोठ्या साहेबांच्या सहीचा, माझ्याच नमुन्यावर. कारण तीन ओळींत लिहावे. तासभर बसलो. तीन ओळींत बसत नाही. टायपिस्ट बाईंकडे खुर्ची मागे घ्या म्हणून बघितलं तर त्या आधीच खिडकीशी होत्या.

शेवटी शिपायाला गोगलगायीकडे पाठवलं, त्याच्या उत्तराची प्रत असली तर दे म्हणून. होती त्याच्याकडे. आता बसून उतरवून घेतोय. भाषा बरी आहे माणसाची. एक-दोन ठिकाणी फक्त बदल करावा लागला, जिथे त्याने बाई लिहिलंय तिथे.